तार जास्त आवळली तर दात लवकर सरकतील?

ब्रेसेसची तार जास्त आवळली तर काम लवकर होईल, असं काहींना वाटतं. उलटंच होतं! दात हाडात थेट रुतलेला नसतो, मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं. हलका दाब सतत राहिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि ताण पडलेल्या बाजूला नवं हाड भरत जातं. म्हणजे वाट हाडच करून देतं, तीही महिन्याला जेमतेम १ मिमी. दाब अती झाला तर अस्तराचा रक्तपुरवठा अडतो, काम रखडतं, मुळंही झिजू शकतात. म्हणूनच सुरुवातीला निकेल-टायटॅनियमची लवचीक तार घालतात. आणि हो, ब्रेसेस निघाल्यावर रिटेनरचा (दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या साधनाचा) कंटाळा करू नका. हिरड्यांतले ताणलेले तंतू दात पुन्हा जुन्या जागी ओढतात.