मॅक्रोत जेसन पार्स होते, पण आतल्या भावापर्यंत पोचताच येत नाई

कपाशी_वणी:
राम राम मंडळी. आमच्या शेतकरी कंपनीत रोज बाजार समित्यांचे भाव एक्सेल शीटमध्ये टाकावे लागते, आतापर्यंत हातानंच चालू होतं, आता वेबसाईटवाल्यानं जेसन फाईल (नाव अन् त्याची किंमत अशा जोड्यांत लिहिलेला डेटा) देणं सुरू केलं म्हणून मॅक्रो (एक्सेलातला छोटा प्रोग्राम) लिहून राह्यलो. जेसनकन्व्हर्टर मॉड्यूल टाकलं, स्क्रिप्टिंग रनटाईमवर टिक केलं, फाईल पार्स होते (म्हंजे वाचून उलगडते), काई एरर नाई. बाहेर डिस्ट्रिक्ट्स, त्यात एकेक जिल्हा, जिल्ह्यात मार्केट्स, मार्केटात रेट्स, त्यात कापूस-सोयाबीन-तूर (हे मराठीतच लिहून येते) अन् त्याच्या आत मिन, मॅक्स, मोडल (ज्या भावानं जास्त माल गेला तो). मले वणीचा कापसाचा मोडल पाह्यजे. डेटा, डिस्ट्रिक्ट्स, 0, मार्केट्स, 0 असे कंसाले कंस जोडत गेलो तं एरर 9. शून्याचा 1 केला तं पुढं जाऊन एरर 13. रेट्सवर फॉर ईच फिरवलं तं भाव नाई, नुसते प्रश्नचिन्ह छापून येते. काऊन?

संत्रा_वरुड:
पॉवर क्वेरी वापर ना भाऊ, क्लिक करून सगळं उलगडते.

कपाशी_वणी:
ऑफिसात एक्सेल 2007 हाये, त्यात नाई ते.

मॅक्रो_मास्तर:
भाऊ, तुमचे तीन एरर म्हणजे तीन वेगळ्या गोष्टी हायेत, एकात एक मिसळू नका.

पार्स झाल्यावर चौकोनी कंसाचं कलेक्शन होते अन् महिरपी कंसाची डिक्शनरी. कलेक्शन म्हणजे लिलावाले लागलेली गाड्यांची रांग, नंबरानं बोलवाचं. डिक्शनरी म्हणजे अडत्याची दुकानं, नावानंच जावं लागते. अन् कलेक्शनचा नंबर 1 पासून सुरू होते, जेसनवाले 0 पासून मोजते म्हणून सगळे तिथंच आपटते. तुमचा एरर 9 तोच.

फॉर ईच डिक्शनरीवर फिरवलं तं 'की' (म्हंजे नाव) भेटते, व्हॅल्यू (त्या नावाच्या आतला डेटा) नाई. तुमच्या की मराठीत हायेत अन् मॅक्रोचा एडिटर युनिकोड समजतच नाई म्हणून इमिजिएट विंडोत (एडिटरात छापलेलं दिसते ती खिडकी) ???? दिसते. डेटा बिघडला असं समजू नका. तीच की सेलमध्ये लिहून पाहा, कापूस नीट दिसन. सेलमध्येही गचाळ अक्षरं आली तं फाईल वाचतानाच गडबड हाये, तेव्हा ओपन फॉर इनपुट सोडा अन् एडीओडीबी स्ट्रीमनं कॅरसेट यूटीएफ-8 देऊन वाचा.

आता एरर 13. तुम्ही कोडमध्ये "कापूस" टाईप केलं असन, एडिटरनं त्याचे प्रश्नचिन्ह केले, त्या नावाची की डिक्शनरीत नाई. अन् या डिक्शनरीची खोड अशी का नसलेली की मागितली तं बोंबलत नाई, गुपचूप रिकामी की तयार करून देते. त्या रिकाम्यावर मोडल मागितलं का 13. रेट्सचा काउंट आधी अन् मंग छापून पाहा, तीनचे चार झाले दिसन. रीजन सेटिंग बदलत बसू नका, देवनागरीले विंडोजचं जुनं कोडपेजच नाई. कापूस हा शब्द एका सेलमध्ये लिहा, ए1 धरा, अन् कोडमध्ये त्याची व्हॅल्यू घ्या. वणीचंही तसंच.

लांब साखळी तोडा, एकेक पायरी व्हेरिएबलमध्ये घ्या. मोबाईलवर हाये म्हणून देवनागरीत लिहितो:

फॉर ईच जिल्हा इन डेटा("डिस्ट्रिक्ट्स")
फॉर ईच मार्केट इन जिल्हा("मार्केट्स")
सेट रेट्स = मार्केट("रेट्स")
इफ रेट्स.एक्झिस्ट्स(पीक) देन सेट भाव = रेट्स(पीक)

पीक म्हणजे ए1 ची व्हॅल्यू. सेट विसरले तं एरर 450 येईन. अडलं तिथं टाईपनेम छापाचं, डिक्शनरी का कलेक्शन ते कळते. लोकल्स विंडोवर भरवसा नको, तिथं डिक्शनरीच्या फक्त की दिसते. अन् इंग्रजी कीचं स्पेलिंग मोठ्या-लहान अक्षरासकट जसंच्या तसं लागते.

कपाशी_वणी:
निघालं भाऊ!! ए1 वाली गोष्ट तं कुठंच सापडली नव्हती. फक्त सुट्टीच्या दिवशी एरर 94 देते, भावात नल (म्हंजे काईच किंमत नाई) येते. मी पुढं व्हॅल फंक्शन लावून 0 करून टाकू का?

तुरीचं_रान:
0 नका करू बाप्पा. तुमच्या शीटमध्ये हमीभावाशी तुलना असनच, सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव 5328 रुपये क्विंटल, तं त्या दिवशी बंद असलेली प्रत्येक मंडी हमीभावाच्या खाली दिसन, अन् सरासरीही पडन. एखादा तोच आकडा घेऊन मीटिंगमध्ये भांडन. अन् व्हॅललेही नल चालत नाई, तिथंही 94 च येईन. आधी इझनल तपासा, नल असन तं सेल रिकामा सोडा, ॲव्हरेज रिकाम्या सेलले मोजत नाई. तुलनेच्या फॉर्म्युल्यात मात्र रिकाम्याची अट टाका, नाईतर तिथं रिकामा सेल 0 च धरल्या जाते.

मॅक्रो_मास्तर:
बरोबर. अन् भावाचा व्हेरिएबल डबल किंवा स्ट्रिंग ठेवू नका, व्हेरियंट ठेवा, नल फक्त त्यातच मावते.