नवा लॅपटॉप: वाय-फायचं नावच मिनिटभर गायब होतं, मोबाइल मात्र ठीक (ग्वाल्हेर)

लश्करचा_लेखापाल

नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो, वय ७१. उभी नोकरी एजी (महालेखापाल) ऑफिसात गेली, म्हणजे दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात. आता स्वतःच्या घरातली एक चूक सापडत नाहीये, म्हणून हा प्रपंच. आमच्या मराठीत हिंदी डोकावते, सांभाळून घ्या.

मुलगा सिडनीहून आला होता. जाताना नवा लॅपटॉप आणि नवा राउटर, दोन्ही लावून गेला. राउटर वाय-फायची दोन नावं दाखवतो, एक साधं आणि दुसरं शेवटी "५जी" लावलेलं. लॅपटॉप त्या ५जीवाल्या नावाला जोडलेला आहे, माझा जुना मोबाइल साध्या नावाला. मोबाइलला ५जीवालं नाव दिसतच नाही.

त्रास असा, की लॅपटॉपचं वाय-फाय दिवसातून तीन-चारदा जातं. "इंटरनेट नाही" असा फलक येतो असंही नाही, यादीतून त्या वाय-फायचं नावच पुसलं जातं. शेजाऱ्यांची नावं दिसतात, आमचं साधं नावही दिसतं, फक्त ५जीवालं नसतं. थोड्या वेळानं आपोआप परत येतं. तेवढ्या वेळात मोबाइलवर सगळं सुरळीत. राउटर बैठकीत आहे आणि मी त्याच बैठकीत, आठ फुटांवर बसतो. घर जुनं आणि दगडी असलं तरी मधे भिंत एकही नाही.

रोज दुपारी दीडला (तिकडे संध्याकाळचे सहा) नातीला व्हिडिओवर पाढे शिकवतो. साधे पाढे तिला शाळेत आहेत. मी पावकी, निमकी, अडीचकी शिकवून आता औटकीवर, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यावर, आलोय. बुधवारी "सात औट साडेचोवीस" म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच उघड्या तोंडाचा गोठलो. ती म्हणे सव्वा मिनिट हसत होती.

सव्वा मिनिट हे मी अंदाजानं म्हणत नाहीये. पहिल्या दिवसापासून रजिस्टर ठेवलं आहे. सहा दिवसांत १९ नोंदी. नमुन्यादाखल:

मंगळवार, दु. १:४१. गायब १ मि. १४ से. कूलर चालू. मोबाइल ठीक.
मंगळवार, सं. ६:०५. गायब १ मि. ९ से. कूलर बंद. मोबाइल ठीक.
बुधवार, स. ११:२०. गायब १ मि. १७ से. कूलर चालू.
बुधवार, दु. १:५२. गायब १ मि. ११ से. (सात औट.)
गुरुवार, दु. ३:१०. गायब ४३ मि. बिजली गेली होती. ही नोंद हिशेबात धरू नये.

दुकानदारानं दहा दिवसांत लॅपटॉप बदलून देतो म्हटलंय, त्यातले सहा संपले. सौ.चं मत आहे की परत करून टाका. मुलगा म्हणतो लॅपटॉप खराब वाटत नाही, पण त्याला तिथून काही कळत नाही. काय करावं?

रिकामटेकडा_९

राउटर बंद करून चालू करा.

लश्करचा_लेखापाल

केलं. नोंद क्र. ४, ९ आणि १३ नंतर. फरक शून्य.

छप्पनची_चटक (इंदूर)

काका, कूलरचा रकाना ठेवलात हे झकास. आमच्याकडे सुदामानगरच्या घरात हाच घोळ होता. पत्र्याचा मोठा कूलर, पोटात टाकीभर पाणी आणि तो बरोब्बर राउटर आणि माझ्या टेबलाच्या मधे. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. दिवाळीत इंटरनेट पळायचं आणि मे महिन्यात रांगायचं, दोन वर्षं मी कंपनीला शिव्या घालत होतो. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर गेला आणि प्रश्न मिटला. तुमचा कूलर कुठे आहे?

लश्करचा_लेखापाल

खिडकीत, माझ्या पाठीशी. राउटर समोर. मधे फक्त चहाचा कप. आणि १९ पैकी ७ नोंदी कूलर बंद असतानाच्या आहेत, म्हणून त्याला संशयाचा फायदा दिला.

छप्पनची_चटक

मग माझी केस वेगळी. माझं पूर्ण जात नव्हतं, मंद व्हायचं.

नेमका_अनाडी

५जीचा टॉवर लांब असेल तुमच्याकडून. ४जी करून बघा.

सूरसागर_काठी (वडोदरा)

हा गोंधळ फार जण करतात म्हणून आधी तेवढं सांगते. राउटरच्या नावातल्या "५जी"चा मोबाइलच्या ५जीशी काही संबंध नाही. इथे त्याचा अर्थ ५ गिगाहर्ट्झ, दुसरं साधं नाव म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ. काकांचा जुना फोन फक्त २.४वाला दिसतोय, म्हणून त्याला ते नाव दिसत नाही. टॉवरला यात ओढू नका.

काका, संध्याकाळी सविस्तर लिहिते. तोवर लॅपटॉप परत करू नका.

दौलतगंज_ते_देवास

सूरसागरताई लिहितीलच, पण एक साधी गोष्ट बघून ठेवा आजोबा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डावर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंट नावाचं पान असेल तर त्यात वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण असते, ती काढून टाका. नव्या लॅपटॉपवर ती बहुधा असतेच. आणि ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या, भलत्या "ड्रायव्हर अपडेटर"च्या नादी लागू नका. मी लागलो होतो, पाच टूलबार आणि एक ज्योतिषाची जाहिरात घरात शिरली.

लश्करचा_लेखापाल

खूण काढली, ड्रायव्हर घातला. त्यानंतर नोंद क्र. २० (१ मि. १० से.) आणि २१ (१ मि. १३ से.).

सूरसागर_काठी

आले. मी हॉटेलांत आणि दवाखान्यांत वाय-फाय बसवायचं काम करते, आणि खरं सांगते काका, असं रजिस्टर मला एकाही गिऱ्हाइकानं दिलेलं नाही. लोक म्हणतात "सारखं जातं". सारखं म्हणजे किती, तर "बहुच". तुम्ही "गायब" हा रकाना ठेवलात आणि निम्मं निदान तिथेच झालं.

लॅपटॉपचं कार्ड खराब असतं तर कधी ५ सेकंद गेलं असतं, कधी २० मिनिटं, कधी दुसरी नावंही दिसली नसती. तुमच्या नोंदी सगळ्या सव्वा मिनिटाच्या आसपास. म्हणजे कुणीतरी घड्याळ लावून ६० सेकंद थांबतंय, आणि वरचे दहा-पंधरा सेकंद लॅपटॉपला नाव पुन्हा सापडून जोडायला लागतायत. ६० सेकंद थांबणारा तुमच्या घरात एकच आहे, राउटर.

कारण असं. ५ गिगाहर्ट्झमध्ये वेगवेगळे चॅनल असतात. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ हे म्हणजे जनरल डबा, बसा खुशाल. मधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे रडारच्याही वापरात असतात, हवामानाचं रडार, विमानांचं, जहाजांचं. तिथे वाय-फायला बसायला मिळतं, पण रिझर्व्हेशनवाला आला की उठायचं या अटीवर. त्या नियमाला डीएफएस म्हणतात. रडारसारखा ठोका ऐकू आला की राउटरनं १० सेकंदांच्या आत तो चॅनल सोडायचा आणि निदान अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. नवा चॅनल त्याच मधल्या डब्यातला निवडला, तर बसण्याआधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं. त्या ६० सेकंदांत तो स्वतःचं नाव पुकारत नाही, म्हणून तुमच्या यादीतून नाव जातं. २.४ला हा नियम नाही, म्हणून मोबाइल निवांत.

राउटर "ऑटो"वर असला की चॅनल तोच निवडतो, आणि मधले चॅनल रिकामे दिसतात म्हणून हौसेनं तिकडे जातो.

आता हे सिद्ध करायचं तर दोन गोष्टी करा. घरात कुणाचा नवा मोबाइल असेल तर तो ५जीवाल्या नावाला जोडून लॅपटॉपशेजारी ठेवा. दोन्ही एकाच वेळी पडले तर लॅपटॉप निर्दोष. आणि रजिस्टरला एक रकाना वाढवा. विंडोज ११मध्ये सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग वाय-फाय, मग त्या जोडणीचे गुणधर्म उघडलेत की खाली "चॅनल" म्हणून आकडा दिसतो. जायच्या आधीचा आणि परत आल्यानंतरचा, दोन्ही लिहा.

लश्करचा_लेखापाल

ताई, हे पटलं. आमच्याकडेही रक्कम बरोब्बर सारखी येत राहिली की आम्ही कारकुनावर नाही, नियमावर संशय घ्यायचो.

धाकटी सून याच गावात असते, तिचा फोन दिवसभरासाठी मागून घेतला. (तिची नाराजी रजिस्टरात घेतलेली नाही.)

शनिवार, स. १०:३७. चॅनल १०० होता, परत आला तेव्हा ५२. गायब १ मि. १२ से. फोनही सोबत पडला.
शनिवार, दु. २:०८. चॅनल ५२ होता, नंतर ११६. गायब १ मि. १५ से. फोनही पडला.

एक शंका. म्हणजे जवळपास खरंच रडार आहे का?

सूरसागर_काठी

असेलही, नसेलही. राउटरला कुठलाही बेताल ठोका रडारसारखा वाटू शकतो, शेजारच्या राउटरचाही. आभास झाला तरी तो उठतोच, नियम तसाच आहे. ते रडार कुणाचं हे शोधायच्या भानगडीत पडू नका, त्यानं नातीची औटकी पुढे सरकणार नाही.

करायचं एवढंच. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या स्टिकरवर त्याचा पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८ने सुरू होणारा. तो ब्राउझरमध्ये टाका. पासवर्ड स्टिकरवरचा नाहीतर मुलानं बदललेला. आत ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस सेटिंग्जमध्ये चॅनल "ऑटो" दिसेल, तिथे ३६ निवडा, जतन करा. बाकी कशाला हात लावू नका.

लश्करचा_लेखापाल

पासवर्ड मुलाने माझ्या डायरीत पंचांगाच्या पानावर लिहून ठेवला होता. चॅनल ३६ केला. रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही नोंद नाही. मी सौ.ला पेढे आणायला पाठवणार, तेवढ्यात:

रविवार, सं. ७:२२. चॅनल ३६, नंतरही ३६. गायब १२ से.
रविवार, रा. ९:०१. चॅनल ३६, नंतरही ३६. गायब १ मि. १० से.

जनरल डब्यातही टीसी आला. आता?

दौलतगंज_ते_देवास

हे मलाही कळलं नाही. ३६ला डीएफएस नाही ना?

सूरसागर_काठी

माझी चूक, अर्धंच सांगितलं. काका, त्याच पानावर "चॅनल विड्थ" म्हणून असेल. तिथे १६० आहे का?

लश्करचा_लेखापाल

आहे. १६० मेगाहर्ट्झ. मुलगा म्हणाला होता सगळ्यात जास्त ठेवलंय.

सूरसागर_काठी

तेच. चॅनल ३६ म्हणजे एका माणसाची जागा, २० मेगाहर्ट्झ. रुंदी ८० ठेवली की चार जागा अडतात, ३६ ते ४८. १६० ठेवली की आठ, ३६ पासून थेट ६४ पर्यंत. म्हणजे तुम्ही जनरल डब्यात बसलात पण पाय पसरले ते आरक्षित डब्यात. ठोका ५२ ते ६४च्या बाजूला ऐकू आला तरी राउटरला हलावं लागतं. काही वेळा तो रुंदी आवरून लगेच परत येतो, ते तुमचे १२ सेकंद असावेत. मग पुन्हा पसरायला जातो तेव्हा परत मिनिटभर कान लावून बसतो. १०० पासून १६० घेतलं तरी सगळी जागा मधल्या डब्यातलीच. १६०ला सुटका नाही.

जुनी यंत्रं एवढं रुंद बसतच नाहीत, पण नवा लॅपटॉप आणि नवा राउटर दोघांनाही ते जमतं, म्हणून ही भानगड नव्या सामानाबरोबर घरात येते. इंटरनेटचा प्लॅन किती स्पीडचा आहे तुमचा?

लश्करचा_लेखापाल

१०० एमबीपीएस.

सूरसागर_काठी

मग बिनधास्त ८० करा. आठ फुटांवर ८०मध्येसुद्धा त्याच्या कितीतरी पट वेग जातो, मुलाला काही तोटा दिसणार नाही. चॅनल ३६च राहू द्या. शेजाऱ्यांची तिथे गर्दी वाटली तर १४९ करून बघा.

छप्पनची_चटक

शंभरच्या नळाला आठ इंची पाइप लावलाय म्हणायचा!

लश्करचा_लेखापाल

रविवारी रात्री साडेनऊला रुंदी ८० केली.

सोमवार: निरंक.
मंगळवार: निरंक.
बुधवार: निरंक. बिजली दोनदा गेली, ती वेगळ्या पानावर.

मधे दहा दिवसांची मुदत संपली आणि लॅपटॉप घरीच राहिला. दुकानदाराला फोन करून सांगितलं की यंत्रात दोष नाही. तो गप्पच झाला, असा फोन त्याला आजवर आला नसावा. मुलाला ताईंचा मजकूर पाठवला. उत्तर आलं, "बाबा, १६० मीच ठेवलं होतं." मी त्याला आक्षेप क्रमांक देऊन खुलासा मागवला आहे.

औटकी आज दहा औट पस्तीसपर्यंत न थांबता झाली. नातीनं विचारलं, आजोबा आज फ्रीझ का नाही झालात? तिला ते आवडायला लागलं होतं. मग सात औटला मी मुद्दाम तोंड उघडं ठेवून बसलो, सव्वा मिनिट जमलं नाही, वीस सेकंदांत हसू आलं.

ताई, ग्वाल्हेरला आलात तर घरी या. रजिस्टर जपून ठेवलं आहे, ऑडिटला लागेल.