रेकॉर्ड घोटून गायक होतो का?

तंबोरेवाली
काल इथे एकाने लिहिलं, "आवडत्या गायकाची एकच रेकॉर्ड सहा महिने जशीच्या तशी घोटा, स्वतःची गायकी आपोआप येते. कुमारजी तसेच तयार झाले." म्हणजे कुमार गंधर्व. पहिलं वाक्य एक वेळ सोडून देईन, दुसरं नाही. लहानपणी ते रेकॉर्डी ऐकून हुबेहूब गायचे हे खरं. १९३६ साली मुंबईत जिना हॉलमध्ये गायले तेव्हा बारा वर्षांचेही नव्हते. पण गोष्ट तिथे संपते का? त्यानंतर गुरू देवधर मास्तरांकडची इतकी वर्षं कुठे गेली? १९४८ मध्ये क्षयामुळे देवासला जाणं, गाणं बंद, पडल्या पडल्या कानावर येणारी माळव्यातली लोकगीतं, हे सगळं तुमच्या 'आपोआप'मध्ये बसतं?

आणि बालगंधर्वांची पदं गायला बसले तेव्हा कार्यक्रमाचं नाव काय ठेवलं? 'मला उमजलेले बालगंधर्व'. उमजलेले! पदं तीच, पण आवाज लावला तो स्वतःचा.

मी बावीस वर्षं शिकवतेय. गेल्या वर्षी एक मुलगा आला, जुन्या तबकडीवरचा यमन राग पाठ करून. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, म्हणून त्या काळचे गायक शेवटी घाईने आवरतं घ्यायचे. हाही नेमका तिथेच आवरतं घेतो! म्हटलं, पुढचं आवर्तन, म्हणजे तालाचा पुढचा फेरा, स्वतः भर. गप्प बसला. त्याने यंत्राची अडचणसुद्धा पाठ केली होती.

मंद्रसप्तक
ते मीच लिहिलं होतं. भीमसेनजींचं काय मग? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डीनेच वेडे झाले ना? नक्कल केल्याशिवाय पोर बोलायलासुद्धा शिकत नाही.

तंबोरेवाली
वेडे झाले आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडलं. रेकॉर्ड घोटत घरी बसले नाहीत. शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याच्या, पायाशी बसले.

खालचा सा
गुरूचं नाव निघालंच आहे तर बोलतो. माझ्या गुरुजींनी गंडा बांधला, म्हणजे शिष्य म्हणून स्वीकारलं, त्या दिवशीच बजावलं, दुसऱ्या घराण्याचं कानावर पडता कामा नये. नऊ वर्षं पाळलं. एकदा रेडिओवर एक मैफल ऐकताना सापडलो, तर तीन महिने तालीम बंद. आज पंचेचाळिशीत आहे आणि कोणाच्या गाण्यातली एक जागा मनापासून आवडली तरी चोरी केल्यासारखं वाटतं. प्रेरणा कोणाकडून घ्यायची, ते विचारूच नका.

पेटीमास्तर
गुरुजी बरोबर होते. कच्च्या गळ्यात चार घराणी ओतली की खिचडी होते. आजकालच्या मुलांच्या मोबाइलमध्ये पन्नास गायक असतात आणि गळ्यात एकही नसतो.

खालचा सा
कच्चा गळा? तालमीच्या नवव्या वर्षीही कच्चाच? किशोरी आमोणकरांना आई मोगूबाईंची तालीम होती, याहून कडक तालीम कुठली? तरी त्या भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या. तिथे खिचडी झाली का?

पेटीमास्तर
किशोरीताईंशी स्वतःची तुलना करताय? आधी मोगूबाईंसारखा पाया दाखवा.

खालचा सा
तुलना केली नाही. दार उघडं ठेवणारी माणसं होती, एवढंच म्हटलं. मला दारच दिसलं नाही. तुम्हाला हे कळणार नाही, तुमच्यावर ती वेळ आली नाही.

मंद्रसप्तक
माझा मुद्दा कुठल्या कुठे गेला. असो. 'आपोआप' हा शब्द चुकला, मागे घेतो. सहा महिने मात्र मागे घेत नाही. मी स्वतः मारवा रागाची एक रेकॉर्ड घोटली, म्हणून त्यातला कोमल रिषभ, म्हणजे उतरलेला रे, नेमका कुठे लागतो ते मला समजलं. क्लासमध्ये चार वर्षांत कोणी ते ऐकवलं नव्हतं.

तंबोरेवाली
रिषभाचं मान्य. तो कानानेच शिकावा लागतो, आणि ते आम्ही शिकवणारे विसरतो हेही मान्य. पण तोच मारवा रेकॉर्ड बंद करून वीस मिनिटं गाता का तुम्ही?

मंद्रसप्तक
अजून नाही.

तंबोरेवाली
मग तेच म्हणतेय मी. आणि 'खालचा सा', तुम्ही त्या दिवशी रेडिओवर कोणाचं ऐकत होतात?

खालचा सा
कुमारजींचं.