शिरवळ साताऱ्यात, पगार पुण्यात

'पुढाऱ्यांनी जोर लावला असता तर परदेशी कंपन्या साताऱ्यात आल्या असत्या' असं साताऱ्यातल्या उद्योगांच्या चर्चेत कुणीतरी म्हणालं, ते अर्धंच पटतं. जिल्ह्यात आल्याच की! फलटणला इंजिनं बनवणारी अमेरिकी कमिन्स आहे, शिरवळ-खंडाळ्याचा पट्टा तर महामार्गाच्या दोन्ही अंगांनी भरत चाललाय. पण बहुतेकांनी पुण्याचा पदर सोडलेला नाही. १९९१ च्या औद्योगिक धोरणाचा मुद्दा त्या चर्चेत कुणी काढलाच नाही. त्याआधी कारखाना कुठे काढायचा यात दिल्लीचा हात असायचा. नंतर बहुतेक उद्योगांना जागेसाठी दिल्लीची परवानगी लागेनाशी झाली. अट उरली ती दहा लाखांवरच्या शहरांपासून २५ किलोमीटर लांब राहण्याची, त्यातही प्रदूषण न करणाऱ्यांना आणि जुन्या औद्योगिक वसाहतींना सूट. म्हणजे शहराबाहेर, पण विमानतळ नि साहेबांच्या मुलांच्या शाळा हाताशी. शिरवळ त्यात चपखल बसतं. सातारा पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, शिवाय मध्ये खंबाटकी घाट.

माझं साताऱ्याच्या एमआयडीसीत छोटं मशीन शॉप (सुटे भाग घडवायचं वर्कशॉप) आहे, माल घेऊन शिरवळला जाणं होतं. शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या भरून पुण्याला, कात्रजकडे निघतात. घाट चढून साताऱ्याकडे येणाऱ्या मोजक्याच. शिरवळात मुक्कामाला राहतात ते ठेकेदाराचे कामगार, एकेका खोलीत पाच-सहा जण. जमीन खंडाळा तालुक्याची, पण पगारदारांचं घरभाडं नि किराणा पुण्यात. आमच्या वाट्याला दोन-तीन हातांतून खाली आलेलं जॉबवर्क, आणि त्याचे पैसे तीन महिन्यांनी. (तेही आठवण केल्यावर.)