टाइल्स वाहणाऱ्या पिकअपला मागचे टायर कुठले घ्यावेत?

मुलुंडची ताई विचारते:

नमस्कार. घरची बोलेरो पिकअप आहे. भाऊ चालवतो, हिशेब मी बघते. भिवंडीच्या गोदामांतून टाइल्स भरायच्या आणि मुलुंड, पवई, अंधेरीच्या साइटवर उतरवायच्या, हे रोजचं काम. टायर ७.०० आर १५, रेडियल. मागच्या डाव्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आलाय. उजव्याच्या दोन्ही कडा घासून गुळगुळीत झाल्यात, मधली नक्षी मात्र अजून चांगली आहे. पावसाळ्याआधी मागची जोडी बदलायचीच आहे. एक दुकानदार म्हणतो कमी पीआरचा (प्लाय रेटिंगचा) घ्या, स्वस्त पडेल आणि गाडी आपटणार नाही. दुसरा म्हणतो रेडियल सोडून नायलॉन (तिरक्या नायलॉन दोऱ्यांचा जुन्या पद्धतीचा टायर) घाला, भार तोच खातो. एकाने रिमोल्ड (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेला) सुचवला. टाइल्स, लोखंड, सिमेंट वाहणाऱ्यांचं ऐकायचंय.

टायरकाका, भांडुप:

ताई, फुगा आलेला टायर आजच उतरवा आणि स्टेपनी लावा. फुगा आला म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि सगळी हवा नुसत्या रबराने धरून ठेवलीय. भरलेली गाडी खड्ड्यात किंवा वर आलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेवर जोरात आपटली की हे होतं. त्याला पॅच नाही, हवा कमी करूनही तो बसत नाही. जेव्हीएलआरच्या (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या) उतारावर भरल्या गाडीचं मागचं चाक फुटलं तर भावाने गाडी आवरायची कशी?

आता नवीन जोडी. ब्रँडचं नंतर बघू, आधी वजनकाटा. रोजच्यासारखा माल भरा आणि फक्त मागची दोन चाकं काट्यावर राहतील अशी गाडी उभी करा. तो आकडा लिहून आणा. पिकअपमध्ये मालाचा बहुतेक भार मागच्या अ‍ॅक्सलवरच येतो, आणि तिथे दोनच टायर असतात, ट्रकसारखे चार नाहीत.

टाइल्सचा माल डोळ्यांना फसवतो. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा एक बॉक्स पंचवीस-तीस किलोचा. साठ बॉक्स ठेवले तरी हौदा रिकामाच वाटतो, पण दीड टनाच्या वर माल चढलेला असतो. थर्माकोल वाहणारा आणि टाइल्स वाहणारा, दोघंही दुकानात येऊन ‘पिकअपचा टायर द्या’ म्हणतात आणि दुकानदार दोघांना एकच टायर काढून देतो. मला याचा मनापासून राग येतो. काय वाहता हे विचारल्याशिवाय टायर विकूच नये.

टायरच्या बाजूला साइजनंतर एक आकडा असतो, तो लोड इंडेक्स. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०, ११६ म्हणजे १२५०, ११८ म्हणजे १३२०. बऱ्याच टायरवर ११८/११६ अशी जोडी असते. पहिला आकडा एकेरी चाकाचा, दुसरा जोडचाकाचा. तुम्ही पहिला बघायचा. आणि ही ताकद पूर्ण हवा असेल तरच.

पीआरचं म्हणाल तर १२ पीआर म्हणजे आत बारा थर असतात असं नाही. रेडियलमध्ये थर फार कमी असतात, पीआर ही ताकदीची पायरी आहे. कमी पीआरवर गाडी मऊ चालते हे खरं, पण टाइल्स भरून मऊ चाललेला टायर म्हणजे बाजूने दबणारा टायर. तो तापतो आणि तापूनच मरतो. गाडीसोबत आला त्याच्याखाली पीआर आणू नका.

नायलॉनची बाजू कडक असते, खडी-मातीच्या साइटवर कमी वेगात तो टिकतो. भिवंडी-अंधेरी रोज धावायचं तर तो रेडियलपेक्षा जास्त तापतो. आणि एका अ‍ॅक्सलवर एक रेडियल, एक नायलॉन असं तर कधीच नको.

रिमोल्ड तुमच्या कामाला नको. वरची नक्षी नवी येते, आतला सांगाडा जुनाच राहतो. तो आधी कुणी किती लादून पळवलाय हे बाहेरून दिसत नाही.

कळंबोलीचा लोखंडवाला:

काकांशी सहमत. कडा झिजल्या आणि मधली नक्षी राहिली म्हणजे हवा कमी राहतेय. भावाला विचारा, दुपारी टायर तापल्यावर हवा काढतो का? आमच्या लाइनीत बरेच ड्रायव्हर काढतात. तापल्यावर प्रेशर वाढणारच, टायर ते धरूनच बनवलेला असतो. तेव्हा हवा काढली की सकाळी गार टायरमध्ये ती कमीच भरते, आणि त्यावरच पुन्हा माल चढतो. हवा सकाळी, गाडी निघण्याआधी बघायची. किती ते गाडीवरच्या स्टिकरवर भरल्या गाडीसाठी वेगळं दिलेलं असतं.

आणखी एक. भारी टायर घातला म्हणून पासिंग (आरसीवर मंजूर वजन) वाढत नाही. आरसीवरच्या वजनाच्या वर गेलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,००० आणि जादा माल उतरवायला लावतात त्याचा खर्च वेगळाच. २०१९ च्या दुरुस्तीपासून कायद्यात असंच आहे.

मुलुंडची ताई:

स्टेपनी लावली. काट्यावरही नेली, मागच्या दोन चाकांवर २२४० किलो भरले, आरसीच्या आत आहोत. टायर तापल्यावर भाऊ हवा काढतच होता, त्याला हे वाचून दाखवलं. म्हणजे एका चाकावर ११२०, तर ११२ चालेल ना?

टायरकाका, भांडुप:

नाही, ते अगदी काठोकाठ झालं. दोन्ही चाकांवर अर्धा अर्धा भार कधीच नसतो. बॉक्स एका बाजूला चढले किंवा रस्ता तिरका असला की एक चाक शंभर-दीडशे किलो जास्त उचलतं, वर खड्ड्याचा दणका आहेच. ११६ च्या खाली जाऊ नका, ११८ मिळाला तर उत्तम. साइज तोच ठेवा. पुढे सरळ रेघांचा रिब पॅटर्न राहू दे, मागे सेमी-लग घ्या, म्हणजे मध्ये रेघा आणि कडांना जाड ठोकळे. पूर्ण लग, म्हणजे नुसते जाड ठोकळे, आपल्या काँक्रीटच्या रस्त्यावर नुसता आवाज करतो.

दुकानात दोन्ही टायरची तारीख बघा. टायरच्या बाजूला DOT ने सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे, २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन्ही जवळपासच्या तारखेचे मागा. आणि ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवीनच घाला. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, नव्या टायरमध्ये तिला घडी पडते आणि त्या घडीवरच ती फाटते. दुकानदार ‘ट्यूब चांगली आहे’ म्हणाला तरी ऐकू नका.