मदत हवी आहे: 'टर्न इट ऑफ' चालतं, मग 'लुक इट आफ्टर' का नाही?

मंडळी, इंग्रजी क्रियापदांना जोडून येणाऱ्या ऑन, ऑफ, अप, आफ्टरनी डोकं फिरवलंय. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण लाइटच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसवायचं, 'टर्न ऑफ इट' म्हटलं की चूक. इथपर्यंत ठीक. पण 'लुक आफ्टर'ला हे लागूच नाही, तिथे 'लुक आफ्टर इट'च. असं वाचलंय की 'ऑफ' इथे क्रियाविशेषणासारखं वागतं आणि 'आफ्टर' खरंखुरं प्रीपोझिशन आहे, बरं, पण बोलता बोलता हे ओळखायचं कसं? त्यात 'रन अप अ बिल'चं 'रन इट अप' होतं आणि 'रन अप अ हिल'चं मात्र 'रन अप इट', शब्द तेच की हो!

अर्थ काय, होतात पाठ, गिव्ह अप, गिव्ह इन वगैरे. अडतं ते जागेपाशी. मराठीत 'वर', 'साठी' नामाला चिकटूनच येतात त्यामुळे सवयच नाही. याद्या नकोत, त्या ढीगभर आहेत, काही चाचणी किंवा युक्ती असेल तर सांगा ना. आणि 'पुट अप विथ' तुटत नाही पण 'टेक इट आउट ऑन हिम'मधे इट मधे घुसतं, त्याचं काय?