शब्दचर्चा: पाण्याचा ‘फड’

प्रश्न: धुळ्याकडच्या जुन्या बंधाऱ्यांबद्दल वाचताना ‘फड पद्धत’ हा शब्द सारखा येतो. कुस्तीचा फड माहीत आहे, तमाशाचाही. इथे फड म्हणजे नुसतं शेत का?

– आमच्या कोल्हापूरकडे फड म्हटलं की उसाचाच. मोल्सवर्थनेही आपल्या मराठी-इंग्रजी कोशात ऊस, वांगी, मिरच्या यांचं शेत हा अर्थ दिलाय, पण तो मागाहून. आधी दिलाय तो चार लोक जमून व्यवहार करतात त्या जागेचा.

– तो पहिला अर्थच इथे जास्त लागू पडतो. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली भिजतं ते थळ, आणि थळाचे तीन-चार फड. एका फडात जमीन अनेकांची, पीक मात्र एकच. यंदा या फडात ऊस असला तर पुढे फेरपालट. कुठल्या फडात काय घ्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं.

– म्हणजे सामूहिक शेती?

– छे! नांगर ज्याचा त्याचा, रास ज्याची त्याची. सामाईक काय, तर पाणी आणि पिकाचा निर्णय. खरी मेख पुढे आहे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे पाणी तुटलं आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तरी एकट्याच्याच बोकांडी काही बसत नसे. शेताला पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. मालकाने स्वतः बारं, म्हणजे पाटातून शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. सबंध फडात एकच पीक, म्हणून पाटकऱ्यालाही एका टोकाकडून दुसरीकडे सरळ भिजवत जाता येई. आजचे नियोजनवाले ‘लोकसहभाग’ म्हणून कार्यशाळा भरवतात, तो इथे जमिनीच्या वाटणीतच होता.

– मग फडणवीसही यातलेच का?

– ते ‘फर्दनवीस’, म्हणजे फर्द (यादी) लिहिणारा, यावरून आले असं मानतात. त्यांना पाटावर कशाला आणता?

– आता वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी वाढल्या, पुष्कळ ठिकाणी ही घडी मोडली. तरी कोशात नोंद करायची तर ‘उसाचे शेत’ एवढ्यावर भागू नये. मी अशी करीन: फड (पु.), बंधाऱ्याच्या थळाचा एक भाग, यात मालक अनेक, पीक एक, पाण्याची पाळी सामाईक. खानदेश, बागलाण.

– ‘फडबागायत’ही जोडा.